उद्याची श्रीशिल्लक



वसंतातल्या व्याख्यानाला काव्य शोभते, इतिहास शोभतो, फार तर अध्यात्म शोभते. उन्हे उतरली आहेत, वारा सुटला आहे, आणि अशा वेळी आम्ही आपल्यापुढे जमाखर्च घेऊन उभे आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा तो आम्ही थोडा दबकतच सांगितला. ‘धंद्यातील रोकडीचा आगाऊ अंदाज आणि त्यासाठी निघालेली संगणकीय साधने’ हे नाव ऐकून ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘हरकत नाही, उद्या गाण्याचा कार्यक्रम आहेच.’ तेव्हा आजची उधारी श्रोत्यांनी उद्या वसूल करून घ्यावी.

विनोद सोडला तर या विषयाशी आमचा संबंध जवळचा आहे. आम्ही हिशेब तपासण्याचा व्यवसाय करतो. लोकांच्या वह्या पाहण्यात आमचे आयुष्य गेले. आरंभी त्या लाल कापडाच्या बांधणीच्या होत्या, आता त्या पडद्यावर असतात. इतक्या वर्षांत चुकाही पुष्कळ झाल्या. त्यातली एक सांगतो आणि तिथूनच विषयाला हात घालतो.

औद्योगिक वसाहतीत एका गृहस्थांचा लहानसा कारखाना आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. एका जुन्या लेथवर त्यांनी सुरुवात केली, पुढे दोन सीएनसी यंत्रे घेतली. बिडाची कास्टिंगे आणायची, त्यांचे मशीनिंग करायचे आणि तयार भाग एका मोठ्या कारखान्याला पुरवायचे, हा त्यांचा धंदा. एका वर्षी मार्चमध्ये त्या गिऱ्हाइकाने मागणी एकदम दुप्पट केली. गृहस्थ पेढे घेऊन आमच्याकडे आले. आम्ही पेढा खाल्ला, अभिनंदन केले, वाढीव विक्रीवर नफा किती होईल ते एका कागदाच्या पाठीवर मांडून दाखवले, आणि आयकर किती पडेल हेही बजावले. ऑगस्टच्या दहा तारखेला ते पुन्हा आले. या वेळी पेढे नव्हते. कामगारांचा पगार तीन दिवस तुंबला होता, कास्टिंग देणाऱ्याने माल थांबवला होता, बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा काठोकाठ भरली होती. ते म्हणाले, ‘साहेब, तुमच्या कागदावर नफा आहे म्हणता, मग तो आहे कुठे?’

त्या रात्री बसून आम्ही जो हिशेब केला, तो वास्तविक मार्चमध्ये पेढ्याच्या आधी करायला हवा होता. आकडे सोपे करून तो आपल्यापुढे मांडतो. दोन मिनिटे लक्ष द्यावे, कारण पुढचे सगळे बोलणे यावरच उभे आहे.

वाढीव विक्री महिना १० लाख रुपयांची. त्यात ६ लाखांचा कच्चा माल. त्याचे पैसे महिन्याने द्यायचे. मजुरी, वीज, हत्यारे वगैरे अडीच लाख. हे साधारण त्याच महिन्यात जातात. उरले दीड लाख, तो नफा. गिऱ्हाईक मात्र ९० दिवसांनी पैसे देणार. आता एप्रिलपासून चालू करा. एप्रिलमध्ये अडीच लाख बाहेर गेले, आत काही नाही. मे महिन्यात अडीच अधिक सहा, म्हणजे साडेआठ लाख गेले. आत काही नाही. जूनमध्ये पुन्हा साडेआठ लाख. जूनअखेर साडेएकोणीस लाखांचा खड्डा पडला, आणि त्याच तारखेला आमच्या नफातोट्याच्या पत्रकात साडेचार लाख नफा झळकत होता. दोन्ही आकडे खरे. जुलैत एप्रिलच्या मालाचे १० लाख आले म्हणजे खड्डा महिन्याला दीड लाखाने बुजू लागतो. साडेएकोणीस लाख बुजायला तेरा महिने हवेत.

आणि यात अजून जीएसटी धरलेला नाही. १८ टक्के कर धरला तर विक्रीचे बिल ११ लाख ८० हजारांचे होते, मालाचे ७ लाख ८ हजारांचे. दोहोंतील फरकाचे ७२ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारात भरायचे. गिऱ्हाइकाने बिलाचा रुपया दिलेला नसला तरी भरायचे. कर बिलावर आहे, वसुलीवर नाही. हे धरून खड्डा होतो २३ लाख १० हजारांचा. आता शेवटची गोष्ट. गिऱ्हाइकाने जुलैचे पैसे जुलैत दिलेच नाहीत, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून सांगितले. एवढ्या एका वाक्याने जुलैअखेर खड्डा ३३ लाख ४० हजारांवर गेला. मौज पहा, या उशिराने नफ्याचा आकडा एका पैशानेही बदलला नाही. बँकेचे व्याज पुढे चढते ते वेगळेच. आमचे सगळे शिक्षण त्या नफ्याच्या आकड्यावर नजर ठेवण्याचे, म्हणून आम्हाला काही दिसले नाही.

घरातले दागिने गहाण पडले. दोनपैकी एक यंत्र विकावे लागले, आणि यंत्र गेले म्हणून वाढीव मागणीही गेली. धंदा बुडाला नाही एवढेच. तोट्याने धंदे मरतात हे आपण जाणतो; वाढीने श्वास कोंडतो हे त्या वर्षी आम्हाला कळले.

ही गोष्ट नवी आहे असे नाही. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. दिल्लीपर्यंत धडक मारणारा हा पुरुष त्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने हैराण झालेला दिसतो. फौजेचा पगार आज, घोड्यांचा चारा आज, आणि चौथाई-खंडणीची वसुली मागाहून, तीही ठरल्याप्रमाणे येईलच असे नाही. मुलूख मिळत होता आणि हातात रोकड नव्हती. आमच्या कारखानदारांपुढे आणि श्रीमंतांपुढे एकच कोडे होते असे म्हटले तर इतिहासकारांनी रागावू नये.

अलीकडचा दाखला हवा असेल तर अमेरिकेतील डब्ल्यू. टी. ग्रँट या कंपनीचा घ्या. हजाराहून अधिक दुकाने, वर्षानुवर्षे नफा जाहीर, भागाला बाजारात चांगला भाव. आणि १९७५ साली दिवाळे. लार्गे आणि स्टिकनी या दोघा अभ्यासकांनी १९८० साली तिचे जुने हिशेब उकलून दाखवले की, कंपनीच्या नेहमीच्या व्यवहारातून रोकड अशी जवळजवळ दहा वर्षे निर्माणच होत नव्हती. माल उधारीवर जात होता, गोदामे भरत होती, आणि दोन्ही कर्जावर चालले होते. या आणि अशा अनुभवांनंतर रोकडीच्या ये-जाचे वेगळे पत्रक ताळेबंदाबरोबर जोडण्याचा नियम झाला. अमेरिकेत १९८७ साली, आपल्याकडे भाग बाजारात विकणाऱ्या कंपन्यांना १९९५ पासून. २०१३ च्या कंपनी कायद्याने ते सर्वसाधारण कंपन्यांना सक्तीचे केले, पण लहान कंपन्यांना त्यातून सूट दिली. सूट देण्यामागचा हेतू चांगला. परंतु ज्याच्याकडे चार महिन्यांची पुंजी आहे त्याने पत्रक करावे आणि ज्याच्याकडे चार आठवड्यांचीही नाही त्याने करू नये, असा त्याचा परिणाम झाला.

शिवाय ते पत्रक गेल्या वर्षाचे. आम्हाला पाहिजे येत्या वर्षाचे.

इथे काही श्रोते मनात म्हणतील, पुढचे कोणाला कळते? भविष्य सांगणे हा हिशेबनिसाचा धंदा नव्हे. त्यांना आमचे सांगणे असे की, आम्ही कुंडली मांडायला सांगत नाही, पंचांग मांडायला सांगतो. पाऊस पडेल की नाही हे पंचांग निश्चयाने सांगू शकत नाही. पण एकादशी केव्हा, अमावास्या केव्हा, ग्रहण केव्हा, हे ते आधीच लिहून ठेवते. धंद्यातल्या बहुतेक तारखा अशाच ठरलेल्या असतात. मुळातून कापलेला आयकर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला. भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा १५ तारखेला. जीएसटी दरमहा भरणाऱ्यांना २० तारखेला. आगाऊ आयकर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला. बँकेचा हप्ता ठरलेला, भाडे ठरलेले, दिवाळीचा बोनस ठरलेला. या तारखा दरवर्षी येतात आणि दरवर्षी निम्मे व्यापारी त्या अचानक आल्यासारखे दचकतात. घर चालवणाऱ्या स्त्रियांचे असे होत नाही. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरायचे, जूनमध्ये मुलांच्या वह्यापुस्तकांचा आणि फीचा खर्च यायचा, हे ज्या बाईला ठाऊक असते ती मार्चपासूनच डब्यात पैसे बाजूला टाकू लागते. तिला आम्ही कधी हिशेबाची तज्ज्ञ म्हणत नाही, हा आमचा अहंकार.

आपल्या प्रांतात तर अशा पंचांगाची गरज साखर कारखान्यांइतकी कोणालाच नसेल. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चार-पाच महिन्यांचा. ऊस कारखान्यावर आला की १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे दिले पाहिजेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखर मात्र विकायची वर्षभर, आणि २०१८ पासून तर दरमहा किती विकायची हेही केंद्र सरकार ठरवते. म्हणजे खर्च पाच महिन्यांत, उत्पन्न बारा महिन्यांत. मधली दरी भरायला साखरेची पोती बँकेकडे तारण. पोत्याचा भाव उतरला की तारणाची किंमत उतरते, बँक उचल कमी करते, आणि फरक पडतो तो ऊस घातलेल्या शेतकऱ्याच्या खिशावर. एफआरपी थकली म्हणून आंदोलन झाल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा तिच्या तळाशी पुष्कळदा हेच तारखांचे गणित असते. कारभारातले दोष नसतात असे नाही. पण कारभार धुतल्या तांदळासारखा असला तरी हे गणित सुटणार नाही, ते आधी मांडूनच ठेवावे लागते.

आता साधनाकडे येऊ. आम्ही वर केलेला हिशेब कागदावर करता येतो. आम्ही तो कागदावरच केला. बारा महिन्यांचे बारा रकाने, डावीकडे येणाऱ्या आणि जाणाऱ्या रकमांची नावे, वर आरंभीची शिल्लक, खाली अखेरची. आपल्या रोजमेळात दिवसाअखेर श्रीशिल्लक लिहीत, तीच पुढच्या पानाच्या डोक्यावर ओढत. तीच रीत न घडलेल्या दिवसांना लावायची, एवढाच या शास्त्राचा गाभा. पूर्वी त्याला ‘अजमास’ म्हणत. अडचण एकच: वरचा एक आकडा बदलला की खालचे सगळे खोडून पुन्हा लिहावे लागतात. तीनदा खोडल्यावर चौथ्यांदा ‘असे झाले तर काय’ हा प्रश्न माणूस विचारीत नाही. हात दुखतात म्हणून डोके थांबते.

नेमक्या या अडचणीतून एक यंत्रयुक्ती निघाली. १९७८ साली हार्वर्डच्या व्यवसायशिक्षणाच्या वर्गात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसला होता. प्राध्यापक फळ्यावर असाच तक्ता मांडीत, एक आकडा बदलला की पुसून सगळी ओळ पुन्हा लिहीत. फळाच असा असावा की एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन या मित्राने त्याप्रमाणे आज्ञावली लिहिली आणि १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आले. २५४ ओळी आणि ६३ रकाने, किंमत सुमारे शंभर डॉलर. दीड-दोन हजार डॉलरचा संगणक लोक त्या शंभर डॉलरच्या कोष्टकासाठी घेऊ लागले. पुढे १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. १९८६ मध्ये बंगळूरला गोएंका पितापुत्रांनी हिशेबाची ती आज्ञावली काढली, जिला आपण ‘टॅली’ म्हणून ओळखतो. गावच्या पेढीवर आज ‘खतावणी झाली का’ असे कोणी विचारीत नाही. ‘टॅलीत टाकले का’ असे विचारतात.

पडद्यावरचे कोष्टक आले आणि आमच्यासारख्यांचे हात मोकळे झाले. पण मोकळा हात वाटेल तिकडे जातो. कोणीतरी गेल्या वर्षीची फाइल उचलतो, तिच्यात दोन ओळी घालतो, आणि बेरीज मात्र जुन्याच ओळींची राहते. पडदा तक्रार करीत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली राष्ट्रांच्या कर्जावर लेख लिहिला, अनेक देशांच्या मंत्र्यांनी त्याचा हवाला दिला, आणि २०१३ साली टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचे कोष्टक तपासले तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले! त्या लेखावर आणखीही आक्षेप होते, पण एवढ्या थोरांचीही ओळ सुटते, मग आमच्या गावच्या कारकुनाला कोणत्या तोंडाने हसावे?

म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत वेगळ्या जातीची साधने निघाली. आपल्याकडे आणि परदेशांत ती अनेक कंपन्या विकतात. कोणाची जाहिरात करायला आम्ही इथे आलेलो नाही. त्यांचा कारभार कसा चालतो तेवढे सांगतो. पहिले म्हणजे ती आपल्या खतावणीलाच जोडलेली असतात. कोणाकडून किती येणे, कोणते बिल कोणत्या तारखेचे, हे पुन्हा हाताने लिहावे लागत नाही. दुसरे, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे, ती प्रत्येक गिऱ्हाइकाची सवय मोजतात. बिलावर ३० दिवस छापलेले असते. माणूस सरासरी ५२ दिवसांनी देतो. कागदावरचा ३० खोटा, खतावणीतला ५२ खरा. अंदाज ५२ वर बांधायचा. आमच्या कारखानदारांच्या त्या गिऱ्हाइकाचा जुना इतिहास आम्ही नंतर काढला, तर दर वर्षी जूनच्या तिमाहीत ते महिनाभर लांबवत आले होते. ही गोष्ट आमच्याच कपाटात होती.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे. चांगल्या साधनात पुढच्या वर्षाचा नफातोटा, पुढच्या वर्षाचा ताळेबंद आणि रोकडीची ये-जा ही तीन पत्रके एकमेकांना बांधलेली असतात. तुम्ही विक्री वाढवली तर येणी वाढली पाहिजेत, यंत्र घेतले तर रोकड घटून मालमत्ता वाढली पाहिजे, कर्ज काढले तर व्याज नफ्यातून वजा झाले पाहिजे. लुका पाचोली या इटालियन साधूने १४९४ साली द्विनोंदी जमाखर्चाची जी रीत छापून प्रसिद्ध केली, तिची कसोटी अशी की दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. तीच कसोटी इथे न घडलेल्या व्यवहारांना लावली जाते. भविष्यकाळातला ताळेबंद जुळत नसेल तर आपल्या स्वप्नात कुठेतरी फुकटचा पैसा शिरला आहे हे लगेच समजते. हाताने केलेल्या कोष्टकात हा फुकटचा पैसा फार आवडीने शिरतो.

आणि चौथी, पर्याय मांडण्याची सोय. आमचा मघाचा हिशेब घ्या. माल देणाऱ्याने एक महिन्याऐवजी दोन महिने मुदत दिली तर? खड्डा २३ लाख १० हजारांवरून १६ लाखांवर येतो. मागणी निम्मीच घेतली तर? साडेअकरा लाख. निम्मी घेतली आणि शिवाय गिऱ्हाइकाने महिना लांबवले तर? १६ लाख ७० हजार. कागदावर ही एकेक घटका होती. इथे पापणी लवते न लवते तोच उत्तर येते. सावध माणसे पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता करतात, आठवडा संपला की मागचा एक आठवडा टाकून पुढचा एक जोडतात, आणि अंदाज काय होता, घडले काय, हे शेजारी शेजारी ठेवतात. आमच्या मते या शेवटच्या रकान्यात साधनाची निम्मी किंमत आहे, आणि तोच लोक पाहत नाहीत. आपला अंदाज कोणत्या बाजूला चुकतो हे चार महिन्यांत कळते. बहुतेकांचा वसुलीच्या बाजूला चुकतो, आणि सदैव गोड बाजूने.

इथे आमच्या व्यवसायबंधूंच्या विरुद्ध एक शब्द बोलणे भाग आहे. आम्हीही त्यांत आलोच. कारखानदारांकडे अंदाजपत्रक नसते असे नाही. बँकेला कर्जासाठी ते लागतेच. १९७५ च्या टंडन समितीपासून खेळत्या भांडवलाची मोजदाद बँकांत शिस्तीने होऊ लागली. पुढे १९९२ च्या नायक समितीने लहान उद्योगांसाठी सोपा मार्ग सांगितला की, अंदाजी उलाढालीच्या किमान २० टक्के खेळते भांडवल बँकेने द्यावे. हेतू उत्तम. पण याचा व्यवहारात अर्थ असा झाला की, २० लाख हवे असतील तर उलाढाल एक कोटीची दाखवायची. मग आम्ही ‘सीएमए डेटा’ नावाची बाडे तयार करतो. दरवर्षी विक्री १५-२० टक्क्यांनी चढलेली, नफा सुरेख चढलेला, प्रमाणे बँकेला आवडतील अशी. मालक न वाचता सही करतो, बँक धारिकेला लावते, आणि वर्षभर कोणी त्याकडे ढुंकून पाहत नाही. हा अंदाज बँकेसाठी केलेला असतो. मालकाने स्वतःसाठी केलेला अंदाज वेगळा, तो कुरूप असतो, आणि तोच कामाचा. नवे सुंदर साधन विकत घेऊन त्यातून पुन्हा बँकेची बाडेच काढायची असतील, तर पैसे वाचवावेत.

आता कृत्रिम बुद्धीचे नाव घेतल्याशिवाय कोणतेच व्याख्यान पुरे होत नाही. ती वसुलीच्या तारखा आपणहून ओळखते असे विक्रेते सांगतात. हजारो गिऱ्हाइके असलेल्या वीज कंपनीत किंवा मोठ्या दुकानात ती ओळखीलही. पण ज्याची सारी पाच गिऱ्हाइके, त्यातल्या एकाकडे निम्मी विक्री, त्याने गणिती ठोकताळ्यावर विसंबण्यापेक्षा त्या एकाच्या खरेदी खात्यात फोन करून ‘आमचे बिल मंजुरीला कोणाच्या टेबलावर आहे’ असे विचारावे. ती माहिती मग यंत्रात घालावी.

राहता राहिला मूळ दुखण्याचा प्रश्न. मोठ्याने लहानाचे पैसे अडकवायचे आणि लहानाने खड्ड्याचे तक्ते करीत बसायचे, हा न्याय कुठला? प्रश्न रास्त आहे. सरकारने तो २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात घेतला. करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा कडक. पण आमच्या कारखानदारांनी ते व्याज मागितले का? नाही मागितले. ज्याच्यावर निम्मी भाकरी अवलंबून, त्याच्यावर दावा कोण लावणार? पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने वेगळी मेख मारली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळायचा नाही. ही मेख दाव्याशिवाय लागते, म्हणून तिचा परिणाम आम्हाला प्रत्यक्ष दिसला. मार्चअखेर जुनी बिले भराभर सुटू लागली. मात्र काही ठिकाणी मोठ्यांनी मालच दुसरीकडून घेण्याची भाषाही केली. तिसरा मार्ग ‘ट्रेड्स’चा. २०१७ पासून या व्यवस्थेत लहान उद्योगाचे मान्य झालेले बिल बँका लिलावात सूट कापून विकत घेतात, आणि गिऱ्हाईक पैसे पुढे बँकेला देते. आपल्या मुदती हुंडीचीच ही नवी नातवंडे. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंद करणे आता सक्तीचे आहे. नोंद केली म्हणून बिल मान्य केलेच पाहिजे असे नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

यातले कोणतेही हत्यार उचलायचे तरी ते केव्हा उचलायचे हे आधी कळले पाहिजे. ऑगस्टच्या दहा तारखेला ट्रेड्सचा विचार करून उपयोग नसतो, बँकेकडे मर्यादा वाढवून मागण्याचाही नसतो. पैसा संपल्यावर मागायला आलेल्याला बँक संशयाने पाहते. चार महिने आधी तक्ता घेऊन आलेल्याला खुर्ची देते. बँकेतल्या आमच्या मित्रांनी हे खासगीत कबूल केले आहे.

आमच्या त्या कारखानदारांचे पुढे काय झाले ते सांगतो आणि आपली रजा घेतो. काही वर्षांनी पुन्हा एका मोठ्या गिऱ्हाइकाची तशीच मागणी आली. या वेळी ते रिकाम्या हाताने आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘आधी ते मांडा.’ आम्ही मांडले. बँकेची १२ लाखांची मर्यादा मोकळी होती, घरची ठेव ५ लाखांची. पूर्ण मागणीला उशीर धरून ३३ लाख लागत होते. निम्मीला १६ लाख ७० हजार. त्यांनी पत्र लिहिले की निम्मा माल आत्ता देतो, उरलेला पहिली तीन बिले वेळेवर जमा झाल्यावर. खरेदी अधिकारी रागावले. आम्हालाही वाटले की गिऱ्हाईक गेले. पंधरा दिवस उत्तर नव्हते. सोळाव्या दिवशी होकार आला. माल एप्रिलऐवजी मेमध्ये चालू झाला. यंत्रात महिना सरकवायला एक बटण पुरले. ऑगस्टमध्ये पहिले पैसे जमा झाले, आणि पेढे त्या दिवशी संध्याकाळी आले.